पंखावरचा पांढरा थर आणि उड्डाणाची घाई

गोव्याचा पर्यटन हंगाम ज्या आठवड्यांत आकार घेतो, त्याच आठवड्यांत उत्तर गोलार्धातील विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक सुरू होते. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी हा बदल होतो आणि पुढे मार्चच्या अखेरपर्यंत गोव्याकडे येणाऱ्या परदेशी विमानांपैकी अनेक विमाने अशा शहरांतून निघतात, जिथे पहाटेचा पारा शून्याखाली असतो. रशियातून येणारी चार्टर विमाने असोत किंवा ब्रिटनमधून येणारी, त्यांचा प्रवास धावपट्टीवर सुरू होत नाही. तो सुरू होतो एका उंच हाताच्या गाडीखाली, पंखांवर गरम द्रवाचा मारा होत असताना. नाताळच्या सुट्टीत स्विंडनहून किंवा टोरंटोहून घरी येणाऱ्या गोमंतकीयांना हे दृश्य नवे नाही. त्यांना घ्यायला विमानतळावर जाणाऱ्यांना मात्र फलकावर एवढेच दिसते की विमानाला दीड तास उशीर आहे.

भारतात हिवाळा आणि विमान यांचा विचार धुक्यापाशी थांबतो. दिल्लीची धावपट्टी दिसेनाशी झाली की देशभरचे वेळापत्रक कोलमडते, आणि त्यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. श्रीनगरला हिमवृष्टी झाली की उड्डाणे रद्द होतात, बातमी दोन ओळींत संपते. त्यामुळे विमानाच्या अंगावरील बर्फ उतरवणे, ज्याला जगभर डी-आयसिंग म्हणतात, हा विषय आपल्याकडे परका राहिला आहे. धुके डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची भीती वाटते. पंखावर रात्री साचलेला गोठलेल्या दवाचा पातळ थर मात्र साखर भुरभुरल्यासारखा निरुपद्रवी दिसतो, आणि आजवरच्या अपघातांच्या चौकश्या वाचल्या तर अनुभवी वैमानिकांनाही तो तसाच वाटल्याचे आढळते.

सँडपेपरचा हिशेब

सर्वसाधारण समज असा की बर्फाच्या वजनाने विमान जड होते आणि म्हणून पडते. वजनाचा भाग अगदी गौण आहे. विमान उडते ते पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून हवा सुरळीत, पृष्ठभागाला चिकटून वाहते म्हणून. तो पृष्ठभाग खरखरीत झाला की हवेचा प्रवाह वेळेआधीच सुटतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वर्षानुवर्षे सांगितलेला हिशेब असा: पंखाच्या पुढच्या कडेवर व वरच्या बाजूला मध्यम किंवा जाड्या सँडपेपरइतका खरखरीत थर असला, तरी पंखाची उचलण्याची शक्ती ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. सुताराच्या पेटीतला सँडपेपर डोळ्यांसमोर आणावा. तेवढ्याने एक तृतीयांशाच्या आसपास बळ जाते.

याहून घातक गोष्ट वेगळीच आहे. पंख उचल गमावण्याच्या बेतात आला की वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा स्वच्छ पंखाच्या हिशेबाने बसवलेली असते. पंख खरखरीत असेल तर तो इशाऱ्याच्या आधीच दगा देतो. तेही जमिनीपासून काही मीटर उंचीवर, जिथे सावरायला जागा नसते. डावा व उजवा पंख सारखाच मळलेला असेल असेही नाही. एक आधी ढळतो आणि विमान कुशीवर वळते. ज्या विमानांच्या पंखांना पुढच्या कडेला सरकणाऱ्या झडपा नसतात, ती या बाबतीत अधिक नाजूक. फोकर एफ-२८ आणि सीआरजे-२०० ही दोन नावे अशा अपघातांच्या अहवालांत येतात, ती यामुळे.

म्हणून नियम साधा ठेवलेला आहे: उड्डाणावेळी पंख, शेपटी आणि नियंत्रणाचे पृष्ठभाग स्वच्छ असलेच पाहिजेत. ‘थोडेसे चालेल’ याला जागा नाही. अपवाद एखाद-दुसराच, आणि तोही विमान बनवणाऱ्याने लिहून दिलेला. उदाहरणार्थ, इंधनाच्या टाक्यांखाली, पंखाच्या खालच्या बाजूला सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतचे गोठलेले दव अनेक विमानांना चालते. वरच्या बाजूला ती सवलत सहसा नाही.

स्वच्छ करण्याची रीत दोन टप्प्यांची. पहिल्यात ग्लायकॉल आणि पाणी यांचे गरम मिश्रण, फवाऱ्याच्या तोंडाशी किमान ६० अंश सेल्सिअस, जोराने मारून साचलेले बर्फ उतरवतात. हा पहिल्या प्रकारचा द्रव, रंगाने नारिंगी. तो पातळ असल्याने लवकर ओघळून जातो. हिमवृष्टी सुरू असेल तर त्याचे संरक्षण काही मिनिटांचेच. म्हणून दुसऱ्या टप्प्यात घट्टसर, बहुधा हिरव्या रंगाचा चौथ्या प्रकारचा द्रव पसरतात. पडणारे हिम त्या थरात विरघळते, आणि विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागले की तो थर वाऱ्याने मागे सरकून गळून पडतो. म्हणजे पंखावरून हिरवे ओघळ वाहताना खिडकीतून दिसले, तर सर्व काही जसे हवे तसे चालले आहे.

या थराचेही आयुष्य असते. हिम किती पडते आहे, तापमान किती आहे, द्रव कोणता आणि त्यात पाणी किती, यांवरून तो किती मिनिटे टिकेल याची कोष्टके अमेरिका आणि कॅनडा दर हिवाळ्याआधी नव्याने प्रसिद्ध करतात. साध्या भाषेत त्याला प्रभावकाल म्हणावे. घड्याळ सुरू होते ते शेवटची फवारणी संपल्यावर नव्हे, ती सुरू झाल्यावर. मोठ्या विमानाला फवारणीसच पंधरा मिनिटे लागली, तर तेवढी मिनिटे आधीच खर्ची पडलेली असतात. आणि जोरदार गोठणाऱ्या पावसासाठी या कोष्टकांत आकडाच नाही. त्या पावसात उड्डाण करायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ड्रायडनची दुपार

हे सर्व शास्त्र आज ज्या शिस्तीने पाळले जाते, त्या शिस्तीची किंमत कॅनडातील ड्रायडन या लहान गावाबाहेरच्या जंगलात मोजली गेली. १० मार्च १९८९ रोजी एअर ओंटारिओचे उड्डाण १३६३ थंडर बेहून विनिपेगला जाताना ड्रायडनला थांबले. विमान फोकर एफ-२८. विमानात ६९ माणसे. उड्डाणानंतर काही सेकंदांतच ते झाडांवर कोसळले आणि पेटले. २४ जणांचा अंत झाला. दोन्ही वैमानिक आणि एक हवाई सेविका त्यांत होत्या.

कारण एका ओळीत सांगता येते: पंखांवर हिम होते, ते उतरवले नाही. पण ते का उतरवले नाही, याचे उत्तर शोधायला न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांच्या आयोगाला तीन वर्षे लागली आणि त्यातून १९१ शिफारशी निघाल्या. विमान वाहतुकीच्या इतिहासात हा अहवाल वेगळा ठरतो तो यासाठी, की वैमानिकाला दोषी ठरवून त्याने वही मिटली नाही.

त्या दिवशी विमानाचे सहायक वीजयंत्र बंद होते. हे शेपटीतले छोटे इंजिन जमिनीवर असताना वीज देते आणि मुख्य इंजिने सुरू करते. ते नसेल तर विमानतळावर बाहेरून इंजिन सुरू करून देणारी यंत्रणा लागते, आणि ड्रायडनला ती नव्हती. म्हणजे दोन्ही इंजिने बंद केली असती, तर विमान तिथेच अडकून पडले असते. म्हणून एक इंजिन चालूच ठेवले गेले. इंजिन चालू असताना डी-आयसिंग करायचे नाही, असा दंडक होता, कारण फवारणीचा द्रव इंजिनात आणि तिथून प्रवाशांच्या केबिनमध्ये जाऊ शकतो. एका बिघडलेल्या यंत्राने अशा रीतीने डी-आयसिंगचा मार्गच बंद केला. ते यंत्र दुरुस्त न करता विमान अशा विमानतळावर पाठवायचे, हा निर्णय कॉकपिटमध्ये झाला नव्हता.

त्यात थंडर बे येथे दुसऱ्या रद्द झालेल्या उड्डाणाचे प्रवासी याच विमानात चढवण्यात आले. वजन वाढले, म्हणून भरलेले इंधन काढावे लागले. त्यात वेळ गेला. मग ते इंधन ड्रायडनला पुन्हा भरावे लागले, एक इंजिन चालू आणि प्रवासी आत बसलेले असताना. प्रवाशांपैकी अनेकांना विनिपेगहून पुढची विमाने पकडायची होती, सुट्टीचे दिवस होते. हिम पडू लागले होते. विमान निघायला तयार झाले, तर खराब हवेत एक लहान सेस्ना विमान उतरत होते, त्यासाठी थांबावे लागले. त्या मिनिटांत हिम वाढत गेले.

या घटनाक्रमात एकाही जागी कोणी उघड बेपर्वाई केलेली दिसत नाही. प्रत्येकाने समोरची अडचण सोडवली. उशीर भरून काढणे, प्रवासी न सोडणे, विमान अडकू न देणे, ही सगळी चांगल्या कर्मचाऱ्याची लक्षणे. आयोगाने नेमके यावर बोट ठेवले. नियंत्रणे सैल झाल्यानंतरच्या स्पर्धेत कंपनीने जेट विमाने घाईने सेवेत आणली, आणि देखरेख करणारे सरकारी खाते त्या वाढीच्या मागे पडले. या दोन्ही गोष्टी शेवटी त्या पंखावर येऊन साचल्या होत्या.

ड्रायडनमधील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग केबिनमधला आहे. पंखांवर हिम आहे, हे प्रवाशांना दिसत होते. त्यांत कामावर नसलेले विमान कंपन्यांचे वैमानिकही होते. त्यांनाही ते दिसले. वाचलेल्या हवाई सेविकेलाही दिसले होते. कोणीही कॉकपिटला सांगितले नाही. कॅप्टनला ठाऊक असेलच, आता डी-आयसिंगला जाऊ, आपण सांगणे म्हणजे त्याच्या कामात नाक खुपसणे, अशी प्रत्येकाची समजूत. सेविकेच्या जबानीतून निघालेली गोष्ट अशी की अशा प्रकारची माहिती वैमानिकांना मागून आलेली आवडत नाही, असे त्या काळी धरूनच चालले जाई. पदाचा मान राखण्याची ही सवय आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटणार नाही. साहेबांना माहीत असणारच, हे वाक्य सरकारी कचेरीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत ऐकू येते. पुढे जगभर कॉकपिट व केबिन यांतील संवादाचे जे प्रशिक्षण सक्तीचे झाले, त्यामागे ड्रायडन हे एक मोठे कारण आहे.

मोशान्स्की यांचा अंतिम अहवाल १९९२ मध्ये आला. त्याच वर्षी २२ मार्चच्या रात्री न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर यूएस एअरचे उड्डाण ४०५ धावपट्टीपलीकडच्या पाण्यात गेले. विमान पुन्हा फोकर एफ-२८. ५१ पैकी २७ जण गेले. येथे डी-आयसिंग एकदा नव्हे, दोनदा झाले होते. पण दुसऱ्या फवारणीनंतर सुमारे ३५ मिनिटे विमान रांगेत उभे राहिले आणि तेवढ्यात पंख पुन्हा मळले. याच धक्क्यानंतर अमेरिकेने पुढचा हिवाळा येण्याआधी विमान कंपन्यांना डी-आयसिंगची लेखी कार्यपद्धती आणि प्रभावकालाचे बंधन लागू केले. फवारणी झाली म्हणजे काम झाले, हा समज त्या रात्री संपला.

उष्ण प्रदेशांतल्या कंपन्या

दहा वर्षांपूर्वी, १३ जानेवारी १९८२ रोजी, वॉशिंग्टनला एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ चौदाव्या रस्त्याच्या पुलावर आदळून गोठलेल्या पोटोमॅक नदीत पडले होते. विमानातील ७४ आणि पुलावरील ४ माणसे गेली. फवारणीनंतर उड्डाणापर्यंत ४९ मिनिटे उलटली होती. वैमानिकांनी इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा सुरू केली नव्हती. त्यामुळे जोर मोजणारी नळी गोठली आणि मापक खोटे बोलू लागला. तो २.०४ दाखवत होता, प्रत्यक्षात जोर सुमारे १.७० इतकाच. सहवैमानिकाने आकडे विचित्र असल्याचे बोलून दाखवले, पण उड्डाण थांबले नाही. त्याआधी पुढच्या विमानाच्या इंजिनांतून निघणाऱ्या गरम झोताजवळ उभे राहून आपल्या पंखांवरचे हिम वितळवण्याचा प्रयत्नही झाला होता. हिम वितळले, वाहिले आणि पुन्हा गोठले, असे तपासाचे अनुमान.

कंपनीच्या नावातच फ्लोरिडा आहे. तिच्या वैमानिकांना हिमवादळातील उड्डाणांचा सराव फारसा नव्हता, हे अमेरिकी तपास मंडळाने नोंदवले. १२ डिसेंबर १९८५ रोजी न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे पडलेले एरो एअरचे डीसी-८ हेही मायामीच्या कंपनीचे. त्यात २५६ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी २४८ अमेरिकी सैनिक होते. त्या अपघाताच्या कारणावर कॅनडाचे तपास मंडळ फुटले. बहुमताने पंखांवरच्या बर्फाला कारण मानले, चार सदस्यांनी ते अमान्य केले. त्यामुळे ते उदाहरण बर्फाच्या खात्यावर निःशंकपणे मांडता येत नाही. तरीही प्रश्न उरतो, आणि तो भारताला लागू आहे. दिल्ली-मुंबईहून टोरंटो, न्यूयॉर्क, लंडनला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या वैमानिकांना डी-आयसिंग वर्षातून काही महिनेच आणि काही मार्गांवरच भेटते. जी गोष्ट हेलसिंकीच्या वैमानिकाच्या हाताला आपोआप वळते, ती यांना प्रत्येक हिवाळ्याच्या तोंडावर नव्याने उजळावी लागते. वर्गातील उजळणी काटेकोर असेल तर ही उणीव भरून निघते. ती केवळ सही घेण्यापुरती असेल, तर निघत नाही.

आणखी एक धोका हवामानाशी नव्हे, इंधनाशी जोडलेला आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तासन्‌तास उडालेल्या विमानाच्या पंखातले इंधन अतिशय थंड झालेले असते. विमान उतरल्यावर बाहेर तापमान शून्याच्या वर असले, तरी दमट हवेतले पाणी त्या थंड पत्र्यावर गोठते. पाऊस असेल तर काचेसारखा पारदर्शक थर तयार होतो, जो बघून कळत नाही, हात लावूनच कळतो. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमहून निघालेल्या एसएएसच्या एमडी-८१ विमानात हेच घडले. रात्रभर उभ्या असलेल्या विमानाचे डी-आयसिंग झाले, पण पंखाच्या मुळाशी साचलेला पारदर्शक बर्फ राहून गेला. विमान उचलताना पंख किंचित वाकले, बर्फ सुटला आणि मागे शेपटीजवळ बसवलेल्या दोन्ही इंजिनांनी तो गिळला. दोन्ही इंजिने बंद पडली. गॉट्रोरा गावाजवळच्या शेतात विमान उतरले, त्याचे तीन तुकडे झाले, आणि १२९ पैकी १२९ जण वाचले. एवढ्या नशिबावर नियम उभारता येत नाहीत, म्हणून अशा विमानांच्या पंखांना प्रत्यक्ष हात लावून तपासणे पुढे बंधनकारक झाले. गोव्याच्या दमट हवेत लांबचे विमान उतरले की पंखाच्या खाली पांढरट डाग दिसण्याचे कारणही हेच असते. येथल्या उष्णतेत ते टिकत नाहीत.

दोन शिड्या आणि एक बाटली

मोठ्या विमानतळांनी या इतिहासातून पुष्कळ काही घेतले. टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर डी-आयसिंगसाठी स्वतंत्र आवार आहे, जगातील मोठ्यांपैकी एक; तिथे एकाच वेळी अनेक विमाने, इंजिने चालू ठेवून, ठरलेल्या चौकटीत उभी राहतात. म्युनिकने फवारणीच्या जागा धावपट्टीच्या तोंडाशी नेल्या, म्हणजे द्रव लावल्यापासून उड्डाणापर्यंतची मिनिटे कमी होतात, आणि खाली सांडलेला ग्लायकॉल गोळा करून पुन्हा वापरला जातो. ही केवळ काटकसर नव्हे. ग्लायकॉल ओढ्यात गेला की तो कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि मासे मरतात. अमेरिकेने २०१२ मध्ये विमानतळांच्या या सांडपाण्यासाठी वेगळे नियम केले.

व्यवस्था मोठी झाली की तिचे अपघातही वेगळे होतात. मॉन्ट्रियलजवळच्या मिराबेल येथे २१ जानेवारी १९९५ रोजी रॉयल एअर मारोकचे बोइंग ७४७, फवारणी संपली असे समजून, पुढे सरकले. गाड्या अजून शेपटीच्या आडव्या पंखांसमोरच होत्या. त्या उलटल्या आणि तीन कामगार मृत्युमुखी पडले. बर्फ काढणारे लोक या सगळ्या चर्चेत क्वचितच दिसतात. शून्याखाली पंधरा अंशांत, विमानाच्या चालू इंजिनाच्या आवाजात, उंच पाळण्यात उभे राहून काम करणाऱ्या या माणसांशी वैमानिकाने कोणत्या शब्दांत बोलायचे आणि ‘काम झाले’ हे कोणी सांगायचे, याचे ठरावीक वाक्य आज असते. ते वाक्य त्या तिघांनंतरचे आहे. पुरवठाही गृहीत धरता येत नाही: २०१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर ग्लायकॉलचा साठा कमी पडला आणि नाताळच्या तोंडावर शेकडो उड्डाणे रद्द झाली.

खरी दरी मात्र लहान विमानतळांवर आहे. १३ डिसेंबर २०१७ रोजी कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील फाँ-दु-लाक या दुर्गम वस्तीतून वेस्ट विंड कंपनीचे एटीआर-४२ विमान २५ जणांना घेऊन निघाले आणि धावपट्टीपलीकडच्या झाडांत कोसळले. एका प्रवाशाचा पुढे मृत्यू झाला, अनेक जण जबर जखमी झाले. उतरताना ढगांतच विमानावर बर्फ चढला होता, जमिनीवर असताना तो उतरवला गेला नाही. तपासात निघाले की तिथे कंपनीकडे डी-आयसिंगची साधने होती ती एवढी: दोन शिड्या, हाताने मारायची फवारणीची बाटली आणि द्रवाचा एक डबा. अंधारात, पुरेशा उजेडाशिवाय, शिडी लावून एवढ्या पंखाचा बर्फ उतरवायचा, वेळापत्रकही सांभाळायचे. अशी साधने ‘उपलब्ध’ होती, असे कागदावर लिहिता येते.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता २०१८ च्या डिसेंबरातच सरकारला शिफारस केली की अशी अपुरी साधने असलेली ठिकाणे शोधा आणि तातडीने उपाय करा. मंडळाने दुर्गम भागांतील वैमानिकांना विचारले तेव्हा अनेकांनी सांगितले की त्यांच्या विमानांचे नीट डी-आयसिंग क्वचितच होते. ड्रायडनला तीस वर्षे होत आली होती, त्याच देशात. ज्ञान होते, कोष्टके होती, कायदा स्पष्ट होता. नव्हती ती गाडी, आणि ती चालवणारा माणूस.

ही उणीव एका देशाची नाही. चीनमधील बाओटौ येथे २१ नोव्हेंबर २००४ रोजी रात्रभर उघड्यावर उभे असलेले सीआरजे-२०० गोठलेल्या दवासह निघाले आणि ५५ जणांचा बळी गेला. त्यांतील दोघे जमिनीवरचे होते. रशियातील त्युमेन येथे २ एप्रिल २०१२ रोजी डी-आयसिंग न करता निघालेले एटीआर-७२ कोसळले. ४३ पैकी ३३ जण गेले. त्युमेन मोठे शहर, साधने हाताशी. बाओटौच्या सकाळी हिम पडतही नव्हते. म्हणजे साधनांचा अभाव हे एक कारण, आणि ‘आज काय गरज’ हे दुसरे. यांतले दुसरे पैसे खर्चून दूर होत नाही.

त्यावर दबाव वेळेचा. अमेरिकेत देशांतर्गत उड्डाणाचे प्रवासी तीन तासांहून अधिक वेळ जमिनीवर विमानात कोंडून ठेवता येत नाहीत. नियम प्रवाशांच्या हिताचा आहे, पण हिमवृष्टीत डी-आयसिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या कॅप्टनसमोर त्यामुळे तीन घड्याळे चालू असतात: प्रवाशांचे, पंखावरच्या द्रवाचे आणि स्वतःच्या कामाच्या तासांचे. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम काय असतात हे आपल्याकडच्या सामान्य प्रवाशालाही कळले. तिसरे घड्याळ संपत आले की दुसऱ्या घड्याळाकडे काणाडोळा करण्याचा मोह होतो, आणि रांगेतून परत फिरून पुन्हा फवारणीला जाणे म्हणजे उड्डाण रद्द होणे, असे गणित समोर येते. परत फिरणाऱ्या कॅप्टनला कंपनीने त्याबद्दल एकही प्रश्न विचारू नये, ही अपेक्षा लिहायला सोपी आहे. ती पाळली जाते की नाही, हे प्रवाशाला कळण्याचा मार्ग नाही.

प्रवाशाच्या हाती एक गोष्ट आहे. उड्डाणाआधी पंखाच्या वरच्या बाजूला हिम किंवा पांढरा थर दिसला आणि फवारणी झाली नसेल, तर त्याने ते हवाई सेविकेला सांगावे. ड्रायडननंतरच्या प्रशिक्षणात केबिनमधून आलेली अशी माहिती कॉकपिटपर्यंत पोहोचवणे हे सेविकेचे कर्तव्य मानले जाते. प्रवासी चुकीचा ठरला, तर दोन मिनिटे जातील. रशियाहून गोव्याला सुट्टीसाठी निघालेल्या प्रवाशाला या नियमाची कल्पना असेलच असे नाही, आणि सुट्टीच्या उत्साहात विमानाला उशीर करणारा प्रवासी कोणाला होऊ वाटत नाही.

प्रभावकाल उलटला असेल तर अमेरिकेच्या नियमांनुसार उड्डाणाआधीच्या पाच मिनिटांत पंखांची पुन्हा तपासणी करावी लागते. काही कंपन्यांत ती आतूनच होते. वैमानिक कॉकपिटमधून उठून प्रवाशांत येतो, पंखावरच्या ओळीतील खिडकीपाशी वाकतो, विजेरीचा झोत बाहेर टाकतो. त्या जागेवरच्या प्रवाशाला क्षणभर मागे सरकायला सांगितले जाते.